इंजिन बांधले, तरी लाल बत्ती?

कर्ज काढून टॅक्सीचे इंजिन बांधावे आणि आठवड्यातच सिग्नलला ऑईलची लाल बत्ती लागावी! आमच्या शेजारच्या ड्रायव्हर बंधूंवर हीच पाळी आली. बत्ती दिसताच इंजिन बंद करा; गॅरेजपर्यंत रेटाल तर बेअरिंग जाईल. पट्टी ओढून ऑईल पाहा. पुरेसे असल्यास बत्तीचा स्विच काढून तिथे काट्याचे मीटर लावायला सांगा. प्रेशर नीट असेल तर दोष स्विचचाच. थंडपणी चांगले, गरम झाल्यावर घसरते? बेअरिंगमधली फट जास्त असावी. थंडपणीही कमी? चेंबर उतरवून पंप, जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह तपासा. जाड ऑईल ओतून बत्ती विझवणे म्हणजे आमच्या मते फसवणूकच. शेजाऱ्यांचा व्हॉल्व्ह कचरा अडकून उघडाच राहिला होता; बांधताना कुणी धुतलाच नव्हता.