जाहिरात लिहिणे आणि जाहिरात वाचणे

मराठी विषय घेऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याची जाहिरातीशी गाठ दोन ठिकाणी पडते. एक ठिकाण वर्गातले. ‘उपयोजित मराठी’ या नावाखाली बातमी, मुलाखत, पत्रलेखन यांच्या जोडीला जाहिरातलेखनही शिकवले जाते. दुसरे ठिकाण वर्गाबाहेरचे, म्हणजे बसस्थानकापासून कॉलेजच्या फाटकापर्यंतचा रस्ता. या दोन ठिकाणांची एकमेकांशी फारशी ओळख नाही, आणि त्यामुळे विद्यार्थ्याचे नुकसान होते, असे मला वाटते. ते कसे, हे या लेखात मांडायचे आहे.

शिरूरहून न्हावरे, केडगाव, चौफुला, पाटस असे करत दौंडला जाणारा रस्ता माझ्या अभ्यासाचा. या विषयाचे रीतसर शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. जे आहे ते जुन्या मासिकांच्या ढिगांतून आणि रस्त्याकडेच्या भिंतींवरून वेचलेले. मराठीच्या एखाद्या प्राध्यापकांनी बोलावले की ते मी मुलांसमोर ठेवतो.

वर्गात जाहिरातीची व्याख्या येते, मग प्रकार, मग चार पायऱ्या : लक्ष वेधणे, रस निर्माण करणे, इच्छा जागवणे, कृतीला लावणे. ही मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विक्रेत्यांसाठी तयार झाली. ती चुकीची नाही, पण विकणाऱ्याच्या बाजूची आहे. परीक्षेत साबणाची किंवा छत्रीची जाहिरात लिहायला सांगतात, मुले लिहितातही. मात्र समोर आलेली जाहिरात वाचायची कशी, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. शिरूर-दौंडच्या मुलांपैकी जाहिराती लिहून पोट भरणारे थोडे निघतील. जाहिरात पाहून पैसे मोजणारी मात्र सगळीच आहेत.

हा विषय मराठीला उपरा आहे, अशीही एक समजूत आढळते. वस्तुस्थिती उलट आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळच्या मळवलीला आला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे देव्हाऱ्यात गेली, तशीच मालाच्या वेष्टनांवर आणि कंपन्यांच्या कॅलेंडरांवरही गेली. देवीच्या चेहऱ्याखाली कंपनीचे नाव छापले की चित्राविषयीचा भक्तिभाव मालाकडे सरकतो, हे तेव्हाच्या व्यापाऱ्यांना पुस्तक न वाचता कळले होते. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याच्या नांगर-चरकांची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. त्याच पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ हे विचारप्रवर्तक मासिक झाले. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंक आणि जाहिरात यांची सोबत आहे. वाचकाने हाच अंक उलटून पाहावा. कथा-कविता आणि सराफाची पाने एकाच टाचणीने शिवलेली दिसतील.

मग जाहिरात वाचण्याची अवजारे कोणती? त्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयतत्त्वाची तीन सूत्रे मांडली : संवाद, विरोध आणि समतोल. सारख्या घटकांची पुनरावृत्ती होते तो संवाद, एकमेकांना छेद देणारे घटक समोरासमोर येतात तो विरोध, आणि भिन्न घटक एकमेकांना तोलून धरतात तो समतोल. मर्ढेकरांनी ही सूत्रे कलाकृतीसाठी सांगितली, भिंतीवरच्या फलकासाठी नव्हे. पण फलक रंगवणाऱ्याचा हात त्याच सूत्रांवर चालतो.

एक नमुना घेऊ. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या क्लासचा फ्लेक्स या पट्ट्यात जागोजागी दिसतो. नाव कुठलेही असो, रचना बहुतेक एकच. वरती लाल पट्टीवर पिवळी ठसठशीत अक्षरे, हा विरोध. डाव्या बाजूला संचालकांचा मोठा फोटो, उजव्या बाजूला तिरंगा किंवा गणवेशातला तरुण, हा समतोल. आणि खाली निवड झालेल्या मुलामुलींचे चेहरे, प्रत्येक एकाच मापाच्या गोलात, ओळीमागून ओळ. हा संवाद.

खरे काम तो संवादच करतो. तेच गोल पुनःपुन्हा आले की डोळ्याला ठेका सापडतो आणि मनात ‘किती तरी’ अशी भावना उमटते. इथे मी मुलांना फक्त एक प्रश्न विचारतो : हे चेहरे कितीपैकी? फ्लेक्सवर ते लिहिलेले नसते. वीस चेहरे पंचविसांतले असतील तर एक अर्थ, हजारांतले असतील तर दुसरा. लयीने भरून काढलेली जागा पुराव्याची आहे. चित्र देखणे आहे म्हणून दावा खरा वाटतो.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावादी आणि लौकिकतावादी अशा दोन भूमिका समोरासमोर ठेवल्या. पहिलीसाठी सौंदर्याचा व्यवहाराशी संबंध नाही. दुसरीसाठी कला जीवनाच्या इतर मूल्यांपासून तुटलेली नाही. वर्गात हा वाद कवितेच्या संदर्भात शिकवला जातो आणि मुलांना तो कोरडा वाटतो. तोच फ्लेक्ससमोर उभा केला की जिवंत होतो. रंगसंगती चांगली आहे असे म्हणणे हा एक निर्णय, जाहिरात प्रामाणिक आहे असे म्हणणे हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे करता येणे, आणि तरी ते एकमेकांत कसे मिसळतात हे ओळखता येणे, हेच या अभ्यासाचे फळ.

कायदाही याच ठिकाणी बोट ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची जी व्याख्या आहे, तिच्यात खोट्या वर्णनाबरोबर महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणेही येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी उमेदवाराचा फोटो वापरायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी; त्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला, पैसे भरून केला की मोफत, हेही फोटोसोबत सांगायला हवे. शेवटची अट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. केवळ मुलाखतीच्या मोफत मार्गदर्शनाला येऊन गेलेल्या उमेदवाराचा चेहरा वर्षभराच्या महागड्या वर्गाच्या जाहिरातीत लावता येतो, हे ध्यानात घेतले की तिचे कारण कळते. कायद्याची ही भाषा आणि मर्ढेकरांची परिभाषा एकाच तासाला शिकवता येते, असा माझा अनुभव आहे.

याला खर्च लागत नाही. विद्यार्थ्याने घरापासून कॉलेजपर्यंतचे पाच फलक वहीत उतरवावेत. प्रत्येकापुढे तीन रकाने : डोळा प्रथम कुठे गेला आणि का, दावा काय आहे, काय सांगितलेले नाही. पहिला रकाना सौंदर्यशास्त्राचा, दुसरा भाषेचा, तिसरा नागरिकाचा. तिसरा भरताना मुले अडतात, कारण नसलेली गोष्ट पाहण्याची सवय त्यांना कुणी लावलेली नसते. पण एकदा सवय लागली की ती वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून मोबाइलवरच्या रीळपर्यंत सगळीकडे चालते. जाहिरात लिहिण्याचा प्रश्न यानंतर द्यावा. तेव्हा लिहिणाऱ्याला आपण काय झाकतो आहोत याचे भान असेल.

हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमातल्या गुणांचा नाही. दौंड-शिरूरच्या घरांत क्लासची फी येते ती उसाच्या बिलातून, कांद्याच्या पट्टीतून किंवा आईच्या बचत गटाच्या कर्जातून. ती भरायची की नाही, हा निर्णय अनेकदा एका फ्लेक्ससमोर उभे राहून होतो. त्या क्षणी घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ‘हे कितीपैकी?’ एवढे विचारता आले, तरी मराठीच्या वर्गाने आपले काम केले असे म्हणता येईल.