आकडा सारखा, काडतूस निराळं

‘एक गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त.’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात इतक्यांदा वाचलेलं असतं की नजर त्यावरून सरळ पुढे जाते. त्याच बातमीत खाली कट्ट्याचं पिस्तूल होतं, पिस्तुलाचं रिव्हॉल्व्हर होतं, काडतुसाची गोळी होते. वाचणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण हत्यार ज्यांच्या हातात असतं त्यांचं बिघडतं: पोलीस शिपाई, एनसीसीचे कॅडेट, पीकसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी, नेमबाजीचे खेळाडू, सिनेमाच्या सेटवरची माणसं. या अदलाबदलींमुळे नळ्या फुटल्या आहेत, बोटं गेली आहेत, माणसंही मेली आहेत. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मुळाशी एकच समजूत सापडते, की काडतुसाच्या नावातला आकडा म्हणजे त्याचं माप. फार थोड्या काडतुसांच्या बाबतीत ते पूर्ण खरं आहे.

आधी काडतूस म्हणजे काय ते पाहू. त्यात चार गोष्टी असतात. पुढे बसवलेली गोळी, मागची पितळी पुंगळी, पुंगळीत भरलेली दारू आणि बुडाशी बसवलेला प्राइमर. चाप ओढला की प्राइमरवर ठोका बसतो, ठिणगी पडते, दारू जळते, तिच्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून निघून जाते आणि पुंगळी मागे राहते. घटनास्थळी पोलिसांना सापडतात त्या पुंगळ्या. गोळी भिंतीत, झाडात किंवा माणसाच्या शरीरात असते. ‘घटनास्थळावरून चार गोळ्या सापडल्या’ असं छापून येतं तेव्हा त्या बहुतेक वेळा पुंगळ्याच असतात.

१८५७ च्या काडतुसांबद्दलही असाच घोळ आहे. शाळेत शिकताना अनेकांच्या डोळ्यांसमोर चरबी फासलेलं पितळी काडतूस येतं, आणि मग ते दातांनी कसं तोडायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. एनफिल्ड रायफलीचं ते काडतूस कागदाचं होतं. कागदाच्या नळकांडीत मोजून भरलेली दारू आणि एका टोकाला शिशाची गोळी. शिपायाने दारूच्या बाजूचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि मग गोळीचं टोक गजाने आत ठासायचं. गोळी नळीत सहज सरकावी म्हणून त्या टोकाच्या कागदाला वंगण लावलेलं असे. ती चरबी गाईची आणि डुकराची आहे ही बातमी १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम इथून पसरली. कागद डोळ्यांसमोर आणला की शिपायांचा संताप जास्त नीट कळतो. ती वस्तू रोज तोंडात घ्यायची होती.

‘बारा बोअर म्हणजे बारा मिलिमीटर’

ही समजूत सुशिक्षित माणसांतही सापडते. बोअरचा हिशेब उलटा चालतो. नळीत नेमकी बसणारी शिशाची गोल गोळी घ्या. अशा बारा गोळ्या मिळून एक पौंड वजन भरलं तर ती नळी बारा बोअरची. म्हणजे एकेक गोळी सुमारे ३८ ग्रॅमची. वीस गोळ्यांचा पौंड होत असेल तर वीस बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरची नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोअरची सुमारे १५.६. आणि याच घराण्यातली .४१० ची बंदूक मात्र हा नियम पाळत नाही. तिथला आकडा सरळ इंचाचा आहे, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर.

हे नुसतं पाठ करण्यापुरतं असतं तर इतकं सांगितलं नसतं. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत घातलं तर ते चेंबरमध्ये थांबत नाही. पुढे सरकतं आणि नळी निमुळती होते तिथे अडकून बसतं. चाप ओढला तर काहीच होत नाही. माणसाला वाटतं, काडतूस भरायचंच राहिलं. बंदूक उघडून पाहिली तर चेंबर रिकामं दिसतं, कारण अडकलेलं काडतूस पुढे अंधारात आहे. मग तो बारा बोअरचं काडतूस भरतो. ते व्यवस्थित बसतं, बंदूक नीट बंद होते. या वेळी चाप ओढला की पुढची वाट बुजलेल्या नळीत स्फोट होतो, आणि तोही नेमका डावा हात जिथे नळी धरतो त्या जागेच्या आसपास. हा अपघात इतक्यांदा झाला की अमेरिकी कारखान्यांनी वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग ठरवून टाकला. तरी घरात दोन भाऊ, दोन बंदुका आणि काडतुसं एकाच पिशवीत असतील तर रंगाचा उपयोग नाही. पिशव्याच वेगळ्या हव्यात, आणि ‘चाप ओढला, बार उडाला नाही’ असं झालं की दुसरं काडतूस भरण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायला हवं.

ठासणीच्या बंदुकीत तर आत काय आहे ते बाहेरून कळतच नाही. कोकणात आजही अशा बंदुका परवान्यावर आहेत. बार भरलेला आहे हे विसरून त्यावर दुसरा बार ठासला जातो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गची लढाई संपल्यावर रणांगणातून सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या आणि त्यांतल्या कितीतरी बंदुकांत एकाहून जास्त बार होते. शिकवलेले शिपाई गोंगाटात आणि भीतीत एवढी चूक करत असतील, तर रात्री रानडुकराच्या मागे धावणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. उपाय जुनाच आहे. नळी रिकामी असताना गज आत सोडायचा आणि तोंडापाशी गजावर खूण करायची. पुढे कधीही गज सोडला आणि खूण नळीच्या बाहेर राहिली, तर आत बार आहे.

‘७.६२ म्हणजे ७.६२’

आपल्या सैन्याच्या आणि पोलिसांच्या शस्त्रागारांत ७.६२ हा आकडा जागोजागी दिसतो. एके-४७ ची गोळी ७.६२, जुन्या एसएलआरची ७.६२, अमेठीजवळ कोरवा इथे तयार होणाऱ्या एके-२०३ ची ७.६२ आणि अमेरिकेतून आलेल्या सिग ७१६ ची सुद्धा ७.६२. पण एके घराण्याची पुंगळी ३९ मिलिमीटर लांब, तर एसएलआर आणि सिगची ५१. दारू वेगळी, दाब वेगळा, आकार वेगळा. एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही. म्हणून जाणकार माणूस नुसतं ७.६२ कधीच म्हणत नाही, ‘७.६२ बाय ३९’ किंवा ‘७.६२ बाय ५१’ असं पूर्ण नाव घेतो. इन्सासचं काडतूस तर ५.५६ बाय ४५, हे तिसरंच.

सगळ्यात फसवी जोडी आपल्याच देशात तयार झाली. थ्री नॉट थ्री रायफल महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलेली आहे, निदान बंदोबस्तावरच्या शिपायाच्या खांद्यावर. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने तशीच दिसणारी, पण ७.६२ बाय ५१ चं काडतूस घेणारी रायफल काढली. पोलाद जास्त मजबूत, मॅगझीन जरा चौकोनी, बाकी सगळं रूप थ्री नॉट थ्रीचं. नवख्या माणसाच्या हातात ती दिली तर तो थ्री नॉट थ्रीच म्हणणार. फरक सांगते ती रायफलीवर कोरलेली अक्षरं.

९ मिलिमीटरचंही तेच. आपल्या पोलिसांच्या पिस्तुलातलं काडतूस ९ बाय १९. मकारोव्ह पिस्तुलाचं ९ बाय १८, आणि त्याची गोळी प्रत्यक्षात ९ पेक्षा थोडी जाड, सुमारे ९.२७. तिसरं ९ बाय १७, लांबीने आणि जोराने कमी. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर झाडल्या गेलेल्या गोळ्या या तिसऱ्या प्रकारच्या होत्या. हत्यार होतं इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल. मराठीत आजही कितीतरी ठिकाणी ते ‘रिव्हॉल्व्हर’ म्हणून लिहिलेलं आढळतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या चक्रात बसतात आणि पुंगळ्या आतच राहतात. पिस्तुलात ती मुठीतल्या मॅगझीनमधून वर येतात आणि पुंगळ्या बाहेर उडतात. एवढ्या महत्त्वाच्या घटनेबद्दल लिहिताना हे तपासून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

उलट बाजूची फसवणूकही आहे: नावं वेगळी, गोळी एकच. .३८ स्पेशल या काडतुसाची गोळी .३५७ इंचाचीच असते. .३८ हा आकडा पुंगळीच्या बाहेरच्या मापातून आला आणि चिकटून राहिला. पुढे जास्त जोराचं .३५७ मॅग्नम आलं, तेव्हा त्याची पुंगळी मुद्दाम साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवली, जेणेकरून ते जुन्या, नाजूक .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ चालतं; उलटं चालत नाही. काडतूस बनवणाऱ्यांनी माणसाची चूक आधीच गृहीत धरली, याचं हे मला फार आवडलेलं उदाहरण.

ही काळजी प्रत्येक वेळी घेतली गेली नाही. अमेरिकेत .३०० ब्लॅकआउट नावाचं काडतूस निघालं, ते ५.५६ चीच पुंगळी आखूड करून. मॅगझीन तेच, बोल्ट तोच, फक्त नळी बदलायची. सोय मोठी आणि धोकाही तेवढाच. सुमारे ७.८ मिलिमीटरची गोळी ५.५६ च्या रायफलीत गेली, पुंगळीत मागे दाबली जाऊन बोल्ट बंद झाला आणि चाप ओढला, की रायफलीचे तुकडे होतात. तिथे नेमबाज वेगवेगळ्या रंगांची मॅगझिनं आणि पट्ट्या वापरतात, त्याचं कारण हे.

‘ब्लँक आहे, काही होत नाही’

ब्लँक काडतुसात गोळी नसते. दारू असते, आणि ती दाबून ठेवायला बहुधा कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा बोळा. डमीत याच्या उलट: गोळी असते, दारू नसते. पडद्यावर जवळून दाखवायला डमी, आवाज आणि ज्वाळा दाखवायला ब्लँक. तिसरं जिवंत काडतूस, ज्याचं सेटवर काही काम नाही.

१९८४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम याने सेटवर थट्टेत ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हतीच. वायूच्या दाबाने आणि बोळ्याने कवटीचा तुकडा मेंदूत गेला आणि काही दिवसांनी तो वारला.

ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली याचा मृत्यू ३१ मार्च १९९३ चा. त्याच्या चित्रपटाच्या सेटवर डमी काडतुसं घाईत खऱ्या काडतुसांतली दारू काढून बनवली होती. प्राइमर तसाच राहिला. त्यावर ठोका बसला तेव्हा त्या एवढ्याशा जोराने गोळी पुंगळीतून सुटली आणि नळीत अडकली. बार फुसका निघाला, म्हणून कुणी नळीत पाहिलं नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं गेलं. ब्लँकची दारू आणि नळीतली गोळी मिळून पूर्ण काडतूस तयार झालं.

२१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर तर थेट जिवंत काडतूसच डमींमध्ये मिसळलं होतं. हत्यार सुरक्षित असल्याची हाळी दिली गेली होती. छायालेखिका हॅलिना हचिन्स गेल्या, दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. सेटवरच्या शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. पितळी डमीत अनेकदा एक छोटा छर्रा ठेवलेला असतो, हलवला की खुळखुळतो. काहींच्या पुंगळीला भोक असतं. एकेक काडतूस कानाशी धरून हलवायला काही सेकंद लागतात.

आगीबद्दलचा एक गैरसमज थोडक्यात. उघडं काडतूस आगीत फुटलं तर गोळी बंदुकीतून सुटल्यासारखी जात नाही. नळी नसल्यामुळे दाब एका दिशेला साठत नाही. पुंगळी फाटते आणि तिचे तुकडे उडतात. डोळा जायला तेवढे पुरे. मात्र काडतूस भरलेल्या बंदुकीत असेल, तर ती चाप न ओढताही उडू शकते.

‘नुसती काडतुसं आहेत, बंदूक कुठे आहे?’

विमानतळावर बॅगेच्या तळाशी एखादं जुनं काडतूस निघतं आणि प्रवासाऐवजी पोलीस ठाण्याची वारी होते. कुणाचे वडील सैन्यात होते, कुणी मित्राची बॅग उसनी आणलेली असते. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्यालाही परवाना लागतो; एकच काडतूस असलं तरी. जवळ असणं म्हणजे जाणीवपूर्वक जवळ असणं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात स्पष्ट केलं आहे आणि त्याचा आधार अशा प्रवाशांना मिळतो. पण तो मिळतो न्यायालयात, विमान सुटून गेल्यावर.

सगळीच काडतुसं परवान्यावरही मिळत नाहीत. .३०३ आणि ९ मिलिमीटर ही निषिद्ध बोअरची, सामान्य नागरिकासाठी .३२ ची रिव्हॉल्व्हर, .३१५ ची रायफल आणि बारा बोअर. .३०३ आणि .३१५ या आकड्यांत फरक केवढासा, पण कायद्यात एक बंद दाराआड आहे.

आजोबांच्या ट्रंकेत डबाभर काडतुसं सापडली तर बुडावरची अक्षरं वाचून पाहता येतात. पुण्याच्या खडकीतला दारूगोळा कारखाना १८६९ चा; तिथल्या काडतुसांवर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं आणि बहुधा सालही असतं. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याची खूण ‘ओएफव्ही’. वाचून झालं की डबा तसाच ठेवावा. घासू नये, उघडू नये, विहिरीत टाकू नये, आणि आजोबांच्या बंदुकीत बसतात का हे तर मुळीच पाहू नये. परवाना आजोबांच्या नावाचा होता. तो वारसाहक्काने आपोआप मिळत नाही. अधिनियमाच्या २१ व्या कलमानुसार अशी बंदूक आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात, आणि वारसाला ती ठेवायची असतील तर स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा लागतो.