राजाचा मेहुणा आणि बायकोचा वाटा

आज जरा लांबची गोष्ट ऐकूया, इंग्लंडमधली, पावणेआठशे-आठशे वर्षांपूर्वीची.

सायमन द मॉन्टफर्ट हा मूळचा फ्रान्सचा. घरात धाकटा. आजीकडून आलेला लेस्टरच्या जहागिरीचा हक्क मागायला तो इंग्लंडला आला. १२३८ च्या जानेवारीत त्याने तिसऱ्या हेन्री राजाच्या बहिणीशी, एलिनॉरशी, गुपचूप लग्न केलं. राजाला ठाऊक होतं, सरदारांना नव्हतं.

एलिनॉर विधवा होती. नवव्या वर्षी लग्न, सोळाव्या वर्षी नवरा गेला. पुन्हा लग्न करणार नाही अशी शपथ तिने घेतली होती, म्हणून सायमनला रोमला जाऊन पोपची परवानगी आणावी लागली.

खरी मेख होती तिच्या वाट्यात. तिकडच्या रिवाजाने नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा विधवेला हयातभर मिळायचा. तिच्याच बापाने, जॉन राजाने, १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेत कबूल केलं होतं की विधवेला तिचा वाटा विनात्रास मिळेल. पण एलिनॉरच्या सासरची जमीन आयर्लंड-वेल्सपर्यंत पसरलेली. तिथल्या वाट्याबदली भावाने, म्हणजे राजाने, तिच्या दिराशी वर्षाला ४०० पौंडांवर तडजोड केली. तिचा हक्क त्याहून मोठा होता, आणि ठरलेले पैसेही वेळेवर येईनात. कोवळ्या विधवेच्या वतीने भाऊ आणि दीर बोलणी करतात तेव्हा नुकसान कुणाचं होतं, ते सांगायला नको.

नवरा-बायकोने हा दावा सोडला नाही. १२५९ मध्ये हेन्रीचा फ्रान्सच्या राजाशी तह व्हायचा होता. त्यासाठी तिकडच्या वडिलोपार्जित मुलखावरचा हक्क एलिनॉरनेही सोडायला हवा होता. तिने धरून ठेवलं : आधी वाट्याचा निकाल, मग हक्कसोड. दोन राजांचा तह अडला! तिच्या वादापोटी हेन्रीला मिळायच्या रकमेतले १५,००० मार्क बाजूला काढून ठेवायचे ठरले, तेव्हा कुठे ती तयार झाली.

सायमन मात्र तोवर राजाविरुद्धच्या सरदारांत सामील झाला होता. १२६४ मध्ये लुईसच्या लढाईत त्याने राजालाच पकडलं, आणि १२६५ च्या जानेवारीत पार्लमेंटला सरदारांबरोबर शहरांचे प्रतिनिधीही बोलावले. यासाठी त्याचं नाव आजही घेतात. याच माणसाने लेस्टरमधून ज्यूंना हाकललं होतं, तेही सांगितलं पाहिजे.

४ ऑगस्ट १२६५ ला ईव्हशॅमच्या लढाईत सायमन आणि थोरला मुलगा दोघेही मारले गेले. एलिनॉर तेव्हा डोव्हरचा किल्ला सांभाळत होती. पुढे ती फ्रान्सला गेली आणि १२७५ मध्ये मोंतार्जीच्या मठात वारली. त्या धामधुमीच्या वर्षातला तिच्या घरखर्चाचा हिशेब शिल्लक आहे : रोज किती धान्य, किती मासे, घोड्यांना किती दाणा.