कारखाना कुठे उतरतो? : तालुक्याच्या नावापुढचं अक्षर

सिंगूर सोडून साणंदला गेलेल्या मोटार कारखान्याची गोष्ट या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ती पुढच्या खेपेला. मधल्या काळात मराठवाड्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि माझी गाडी माझ्या आवडत्या फाट्याला वळली. पत्रातला प्रश्न एवढाच : ‘आमचा तालुका ड-प्लस. म्हणजे सवलती सगळ्यांत जास्त आम्हाला. मग कारखाने का येत नाहीत?’

अ, ब, क, ड, ड-प्लस ही अक्षरं उद्योग खात्याच्या शासन निर्णयाला जोडलेल्या तालुक्यांच्या यादीत असतात. मुंबई-पुण्याच्या आसपासचे गजबजलेले तालुके ‘अ’, त्यांना फारसं काही मिळत नाही. जसजसं खाली यावं तसतशी सवलत वाढते. ड-प्लसच्याही पलीकडे विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत म्हणून 1964 साली राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली, तिचाच हा वंशविस्तार. योजना दर काही वर्षांनी नवी होते, अक्षरं इकडची तिकडे होतात, आणि आपला तालुका खालच्या वर्गात जावा म्हणून आमदार मंत्रालयात खेटे घालतात. मागास ठरण्यासाठी एवढी धडपड दुसरीकडे क्वचितच दिसेल.

आता सवलत म्हणजे नेमकं काय, हे जरा जवळून बघू. जुन्या योजनांचा कणा होता विक्रीकराची स्थगिती. कारखान्याने माल विकला की गिऱ्हाइकाकडून विक्रीकर वसूल व्हायचाच. एरवी तो सरकारजमा करायचा. पण ज्याच्याकडे पात्रता प्रमाणपत्र आहे त्याने तो स्वतःकडे ठेवायचा, धंद्यात वापरायचा आणि बऱ्याच वर्षांनी हप्त्याहप्त्याने, बिनव्याजी परत करायचा. म्हणजे कर भरला गिऱ्हाइकाने, कर्ज मिळालं कारखानदाराला आणि व्याज सोसलं सरकारी तिजोरीने. मोठ्या उद्योगांची ही प्रमाणपत्रं राज्याचं गुंतवणूक महामंडळ ‘सिकॉम’ देई. अंदाजपत्रकात अनुदान म्हणून एक पैसा दाखवावा लागत नसे, हे या युक्तीचं खरं सौंदर्य! विरोधकांनी कशावर बोट ठेवायचं?

पुढे सरकारला रोकड हवीशी झाली. मग नवी तरतूद आली : पुढे द्यायची रक्कम आजच द्या, पण आजच्या मूल्याने द्या. सुल्झर इंडिया या कंपनीचं प्रकरण यात गाजलं. तिच्याकडे स्थगित विक्रीकराचे सुमारे 7 कोटी 52 लाख रुपये होते. मुदतीआधी भरताना तिने भरले सुमारे 3 कोटी 37 लाख. म्हणजे रुपयाला पंचेचाळीस पैसे. आयकर खातं म्हणालं, उरलेले 4 कोटी 15 लाख हा तुमचा नफा, त्यावर कर द्या. कंपनी म्हणाली, माफी कुठे मिळाली? उद्याचे पैसे आज दिले, हिशेब बरोबरीचाच आहे. न्यायाधिकरण, मुंबई उच्च न्यायालय अशी चढण चढत हा वाद 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात, अशाच प्रकारच्या दुसऱ्या कंपन्यांच्या प्रकरणांबरोबर, उद्योगांच्या बाजूने निकाली निघाला. मला तो निकाल पटतो. पण सवलतीचं वजन किती होतं, हेही त्या दोन आकड्यांतून कळतं.

आणि या सवलतीची मर्यादा ठरायची भांडवली गुंतवणुकीवर : यंत्रं, इमारती, जमीन यांत घातलेल्या रकमेच्या अमुक टक्के. माझा जुना आक्षेप इथेच आहे. महागडी यंत्रं आणि मोजके कामगार असलेल्याला जास्त, शंभर हातांना काम देऊन साधी यंत्रं चालवणाऱ्याला कमी. मागास तालुक्याला हवे असतात रोजगार, आणि योजना मोजते लोखंड.

बरं, ही युक्ती काही एकट्या महाराष्ट्राची नव्हती. दादरा-नगर हवेलीने विक्रीकर सरळ माफच केला आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरचं सिल्वासा सुताच्या कारखान्यांनी भरून गेलं. राज्याराज्यांत चढाओढ लागली. शेवटी सगळ्यांचीच तिजोरी गळायला लागल्यावर राज्यांनी मिळून ठरवलं की 1 जानेवारी 2000 पासून नव्या विक्रीकर सवलती बंद. त्या वेगळ्या वेशात परत आल्या, तो भाग निराळा. 2017 च्या जीएसटीने मात्र पाया बदलला. कर आता माल बनतो तिथे न राहता खपतो त्या राज्याकडे जातो. महाराष्ट्र आज परतावा देतो तो राज्यातल्या विक्रीवरच्या राज्याच्या हिश्श्याचा. ज्याचं गिऱ्हाईक महाराष्ट्रात आहे त्याला याचा उपयोग. सगळा माल तमिळनाडूला पाठवणाऱ्याला काय मिळणार? आणि जिथे गिऱ्हाईकच थोडं, अशा छोट्या प्रदेशाच्या हातातलं हत्यार तर गेलंच.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे. मराठवाड्यातच त्याचं उत्तर आहे, वाळूजला. 1985 मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीपाठोपाठचा आपला मोठा कारखाना औरंगाबादजवळ, गंगापूर तालुक्यातल्या वाळूजला सुरू केला. मागास भागाच्या सवलतींचा त्यात वाटा होताच. पण पुढचं बघा. स्कूटरला सुटे भाग लागतात आणि ते रोज पुण्याहून आणणं परवडत नाही. त्याच वर्षी तिथे सुटे भाग बनवणारी एन्ड्युरन्स उभी राहिली, काही वर्षांत तशीच व्हेरॉक आली. दोन्ही राहुल बजाज यांच्या जुळ्या भाच्यांच्या. नातं कामी आलं असेलही, पण दोघांचे कारखाने आज बजाजबाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी, थेट युरोपातही चालतात. त्यांच्याभोवती साचे बनवणारे, प्लेटिंगवाले, खराद्याची दुकानं. 2001 मध्ये स्कोडा त्याच शहराजवळच्या शेंद्र्याला आली तेव्हा तिच्यासमोर पडीक माळ नव्हता, वेल्डर आणि टूलरूमवाले तयार होते. सवलतीची मुदत संपली तरी वाळूज ओस पडलं नाही, कारण तोवर तिथून हलणंच महाग झालं होतं.

माझं मत असं : सवलत कारखान्याला तालुक्याच्या वेशीपर्यंत आणते, त्यापुढे तिचा इलाज चालत नाही. ती प्रत्येक ड-प्लस तालुक्याला सारखीच मिळते, म्हणजे त्यांच्या आपापसातल्या स्पर्धेत ती कुणाच्याच कामाची नाही. उद्योजक मग त्याच अक्षराच्या तालुक्यांमधून शहराला, महामार्गाला आणि सुट्या भागांच्या पुरवठादाराला सर्वांत जवळचा निवडतो. दूरच्या माणसासाठी काढलेले पैसे जवळच्याच्या पदरात पडतात ते असे. निदान पहिली दहा वर्षं तरी राज्याने प्रत्येक मागास विभागात एखाद-दोनच जागा निवडून तिथे रस्ता, वीज, पाणी आणि आयटीआय यांवर पैसा ओतायला हवा होता. पण एक तालुका निवडला की बाकीचे नाराज. यादीत सगळ्यांना एकेक अक्षर देणं सोपं.

पत्रलेखकांना आणि इतरांनाही एक काम सांगतो. तुमच्या एमआयडीसीत चक्कर मारा आणि किती भूखंडांवर पाटी आहे पण धूर नाही, ते मोजा. जवळचा लेथ, फाउंड्री, मोटार रिवाइंडिंगवाला किती दूर आहे तेही बघा आणि मला कळवा. साणंदचं पुढच्या आठवड्यात.