सांडवा वाहिला का?

यंदा श्रावणात आसोलामेंढा तलावाच्या सांडव्याखाली फोटो काढणाऱ्या एका पोराला विचारलं, "गावचे धानाचे रोवणे आटोपले का रे?" "माहीत नाही," म्हणाला. शेतकऱ्याचाच पोरगा! ते लागलं, म्हणून हे लिहितो.

हा तलाव इंग्रजी अमदानीतला, १९१८ चा. पुढची कैक वर्षं पाणीपट्टी आणि धान यांतच गेली. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाला गांधीजी आमच्या सावली गावात आले होते. ते वडीलधाऱ्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की मी पुन्हा सांगत नाही.

आमचं दशक नव्वदीचं. शाळेनं समुद्र दाखवतो म्हणून वर्गणी घेतली आणि एसटी पाथरीच्या वाटेला लावली. तलावाच्या पाळीवर उभे राहून गुरुजी म्हणाले, "पाहा, दिसतो का पलीकडचा काठ?" स्वच्छ दिसत होता. उरलेले पैसे अजून परत यायचे आहेत.

घरच्या सहलीची मजा वेगळी. सांडवा वाहिल्याची बातमी दुधवाल्यासोबत सावलीत पोचायची. डब्यात वडे, भात आणि वांग्यात घातलेले झिंगे. पण उतरल्या उतरल्या डबा उघडायची सोय नव्हती. आधी सगळी बाप्यामाणसं पाळीवरून फिरून येत, पाणी कुठवर चढलं ते न्याहाळत, कालव्याच्या टेलवरच्या धानाच्या बांधीला ते पुरेल का यावर भांडत. पुरणार, म्हणजे धान पिकणार, असं ठरलं की दिवाळीनंतर गावात नाटक होणार हेही तिथंच पक्कं व्हायचं. मग आम्हाला पाण्यात सोडत.

तेव्हाच गोसीखुर्द धरणाचं पाणी येणार, येणार असं ऐकत होतो. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी त्याचं भूमिपूजन केलं. उजवा कालवा ९९ किलोमीटरचा, आसोलामेंढ्यापर्यंत. ऐकणाऱ्यांचे केस पिकले, काही वर गेले, मग पाणी आलं. आलं ते बरंच झालं. तलाव आता एकट्या आभाळाच्या भरवशावर नाही. पण त्यासोबत पाळीवरचं ते भांडणही संपलं, आणि धान सहलीतून बाहेर पडलं.

आता राहिला डीजे, थर्माकोलच्या पत्रावळी आणि फोडलेल्या बाटल्या. नाचा, माझी ना नाही; आम्हीही कमी धिंगाणा घातला नाही. बाटल्या मात्र परत न्या. ती काच पाण्यासोबत खाली जाते, आणि खालच्या बांधीत तुमचीच आई अनवाणी रोवत असते.