सूड आणि प्याला

जोसेफ सार्जंट दिग्दर्शित 'व्हाइट लाइटनिंग' (१९७३) हा अमेरिकी चित्रपट आणि राम गणेश गडकरी यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले 'एकच प्याला' या दोन्ही कृतींत दारू मध्यवर्ती असली, तरी त्यांच्या तुलनेचा खरा आधार अधिकारपदस्थाकडून झालेला आघात हा आहे. बर्ट रेनॉल्ड्सने रंगविलेला गेटर मक्लस्की चोरट्या दारूच्या वाहतुकीबद्दल तुरुंगात असतो. धाकट्या भावाला शेरीफनेच बुडवून मारल्याचे कळताच तो सरकारी खबऱ्या होण्याच्या बोलीवर सुटतो. भरधाव मोटार आणि तोच जुना धंदा ही त्याच्या सुडाची साधने ठरतात. शेवटी शेरीफही पाण्यातच बुडतो. गडकऱ्यांचा सुधाकर भर न्यायालयात मुन्सफाशी खटका उडून वकिलीची सनद काही काळ गमावतो. त्याच्यापुढेही शत्रू स्पष्ट उभा आहे. परंतु तळीराम पेला पुढे करतो आणि क्रोध आत वळून सिंधूच्या संसारावर कोसळतो. दारूने मोडलेले घर हा चित्रपटाचा विषयच नाही. नाटकाला दारू गाळणाऱ्याशी कर्तव्य नाही. मद्यपाननिषेधाचे नाटक म्हणून होणाऱ्या रूढ वाचनात मुन्सफाचा प्रसंग निव्वळ निमित्त ठरविला जातो. गेटरच्या शेजारी सुधाकरला ठेवून पाहिल्यास तो निमित्तापुरता राहत नाही.