हाडास भोक पाडताना

सिंगापूरच्या पश्चिम भागातील चोआ चू कांग येथे पॉलिक्लिनिक आहे. परंतु तेथील एखाद्या वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले, तर त्यास मोठ्या रुग्णालयातच न्यावे लागते. जवळच्या जुरॉंग ईस्ट येथे असे रुग्णालय २०१५ साली सुरू झाले. मोडलेले हाड स्क्रूने जोडावयाचे, तर आधी त्यास भोक पाडणे आले.

सुतार लाकडात गिरमिट फिरवितो, तेव्हा तो दोन बळे लावतो : एक दाबण्याचे, दुसरे पिळण्याचे. शल्यविशारदाच्या ड्रिलचेही तसेच आहे. हाडाचे बाहेरील कवच कठीण, आतील भाग जाळीदार. ड्रिल पलीकडचे कवच भेदून बाहेर पडते, तेव्हा विरोध एकाएकी नाहीसा होतो. त्या क्षणी हात आवरला नाही, तर टोक पुढील रक्तवाहिनीस वा मज्जातंतूस इजा करते.

म्हणून दाब अगदी कमी ठेवावा, असेही नाही. बोथट टोक नुसते घासत राहिले की उष्णता वाढते. ४७ अंश सेल्सियस तापमान एक मिनिट टिकले तरी हाडास इजा होते, असे एरिक्सन व अल्ब्रेक्टसन ह्या स्वीडिश संशोधकांनी १९८३ साली सशांवरील प्रयोगांत दाखविले. भोकाभोवतीचे हाड मेले की स्क्रू सैल होतो. ह्यासाठीच धारदार टोक, स्थिर दाब आणि मिठाच्या निर्जंतुक पाण्याची धार आवश्यक असते.

पुढे स्क्रू काढल्यास भोक भरून येईपर्यंत हाड तेथे दुबळे असते. तेव्हा डॉक्टरांच्या अनुमतीवाचून जड ओझे उचलू नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.